गुरुवारची वादळं

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मोबाइल घेऊन दिला त्याला दीड वर्ष झालं आणि बाबा सांगतात, तू तो खिडकीतल्या कागदांवर वजन म्हणून ठेवतेस. मेसेज केला तर म्हणतेस, अंगठ्याने लिहिलेलं मी वाचत नाही. बरं बाई, घे शाईने लिहिलेलं. विमान कंपनीत काम करणारी मुलगी पोस्टाची पेटी शोधत फिरते म्हणून ऑफिसात मला हसतात.

बातमी अशी, की सध्या तू माझ्या टेबलावर येऊन बसली आहेस. आमच्या नियोजन विभागाने तीन विमानतळांवरच्या वादळांची तुलना करायचं काम मला दिलंय. कुठे विजा किती वाजता सुरू होतात, किती वेळ टिकतात, पूर्वी कशा होत्या आणि आता कशा आहेत, हे ताडून बघायचं. मग त्यावरून विमानं कधी उतरवायची, जास्तीचं इंधन किती द्यायचं, ते ठरणार. तिसरा विमानतळ आपला डोंगरातला. वेधशाळेतून रजिस्टरांचे गठ्ठे आले, पहिलंच उघडलं तर तुझं अक्षर! सत्तावीस वर्षं, दुपारी बारा ते आठची पाळी, आणि पहिल्या पानावरचा 'ग' शेवटच्या पानावर तसाच. मी उगाचच आजूबाजूच्या टेबलांवर रजिस्टर दाखवून आले.

आता गंमत ऐक. पहिली अठरा वर्षं तुझी वादळं तीनच्या सुमाराला सुरू होतात आणि साडेपाचपर्यंत चालतात. शेवटच्या नऊ वर्षांत ती पावणेचारला सुरू होतात आणि पाचच्या आत गुंडाळतात. बाकीच्या दोन विमानतळांवर असं काही नाही. आमचे प्रमुख याच्यावर बेहद्द खूश आहेत. त्यांना आम्ही घड्याळसाहेब म्हणतो, कारण ते माणसाकडे बघण्याआधी मनगटाकडे बघतात. त्यांनी लगेच आपल्या विमानतळासाठी तीन नवी विमानं मांडली. तीनला उतरायचं, साडेतीनच्या आत उडायचं, वादळ येण्याआधी पसार. एप्रिलपासून सुरू करायचा बेत आहे.

मला फक्त एक विचारायचं आहे. त्या नऊ वर्षांतसुद्धा दर गुरुवारी वादळ जुन्यासारखंच तीनला सुरू होतं. इतर वारी आखूड, गुरुवारी लांब. वादळाला वार कळतो का गं? आणि गुरुवारी तुझी सुट्टी असायची ना?

तुझ्या लोभातला माझा वाटा राखून ठेव, सगळा धाकट्या भावाला देऊन टाकू नकोस.

तुझी,
टिटवी

*

९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

माझ्या रजिस्टरात चुका शोधायला निघालीस, म्हणजे तुझं शिक्षण कारणी लागलं. चूक हा शब्द तू लिहिलेला नाहीस, ते मला दिसलं. पण तू ताकाला जाऊन भांडं लपवायला कधीपासून शिकलीस? पाळण्यात होतीस तेव्हा अख्खी गल्ली उठेल अशी ओरडायचीस, म्हणून तुझं नाव टिटवी ठेवलं. आता ओरडायच्या वेळी कुजबुजू नकोस.

गुरुवारी माझी सुट्टी असायची, बरोबर. त्या दिवशी बदलीवाला यायचा. त्याला बसल्या जागी गडगडाट ऐकू यायचा. सामानाची गाडी फरशीवरून खडखडत गेली तरी हा लिहून मोकळा. माझ्याकडे तसला कारभार नव्हता. नियम एकच आहे, कानाने ऐकला तर गडगडाट. वाटला, असेल, बहुतेक, यांच्यासाठी रजिस्टरात रकाना नाही. पहिला ऐकला की वादळ सुरू. शेवटचा ऐकल्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि मगच वादळ संपलं असं लिहायचं. हा नियम मी सत्तावीस वर्षांत एकदाही मोडला नाही, कुणाच्याही पुढ्यात सांगेन.

मी त्या खुर्चीत बसले त्या दिवशी तिथल्या मोठ्या साहेबांनी चारचौघांत विनोद केला होता, की बाईमाणूस आहे, वीज कडाडली की टेबलाखाली सापडेल. सगळे पोट धरधरून हसले. मी मुद्दाम दुपारची पाळी मागून घेतली, कारण वादळं दुपारी येतात. टेबलाखाली कोण गेलं आणि कोण नाही ते रजिस्टरात आहे, वाचता येत असेल तर वाच.

वादळं आखूड झाली असतील तर झाली. माणसं नाही का आखूड होत? तुझ्या बापाकडे बघ. आणि ते फोनचं परत काढू नकोस. फोनवर माणूस पटकन खोटं बोलतो, लिहिताना जरा तरी लाजतो.

आशीर्वाद सगळे तुला. शंका मात्र तुझ्या तुझ्याकडेच ठेव.

आत्या

*

१६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू रागावलीस की तुझ्या ओळी वर चढतात. या वेळी शेवटची ओळ पानाबाहेर जायला निघाली होती.

बदलीवाल्याला गुन्हेगार ठरवायला मी एका पायावर तयार होते. पण पहिल्या अठरा वर्षांतही गुरुवारी तोच बसायचा, आणि तेव्हा तुझ्या आणि त्याच्या वेळांत पाच मिनिटांचासुद्धा फरक नाही. सामानाच्या गाड्या तेव्हाही खडखडतच असणार. शिवाय गेल्या वर्षी तिथे विजा टिपणारं यंत्र बसवलं. तू निवृत्त झाल्यानंतरचा तो पहिलाच हंगाम, ज्याची नोंद आहे. यंत्राप्रमाणे वादळ तीनला दोन मिनिटं कमी असताना सुरू होतं. घड्याळसाहेबांना दाखवलं, तर त्यांचं म्हणणं, एका हंगामावरून कुणी काही ठरवत नाही.

मग मी तुझा दुसरा रकाना बघितला, विजेचा. त्या नऊ वर्षांतलं एक पान तुला जसंच्या तसं उतरवून देते. वीज दिसली, नैऋत्य, ३:०४. पुन्हा ३:०९, ३:११, ३:१६, ३:२०. गडगडाट ऐकला, ३:४४. आत्या, चाळीस मिनिटं वीज मुकी कशी राहील? आणि अशी पानं एक-दोन नाहीत, तीनशे बारा आहेत. मी दोनदा मोजली.

गेल्या वेळी घरी आले होते ते आठवलं. मी बोलत होते तेव्हा तुला सगळं समजत होतं, बाबा बोलायला लागले की तू मान डोलवायचीस. बाबांनी दिवा लावू का म्हणून विचारलं, तर तू मंगळवारी असं उत्तर दिलंस. आम्ही हसलो, तूही हसलीस. मला आता त्या हसण्याची लाज वाटते.

हे मी तुझी चूक काढायला लिहीत नाही. तीनला उतरलेल्या विमानाभोवती वीस माणसं उघड्यावर काम करतात. कुणी सामान उतरवतं, कुणी शिडी लावतं, कुणी इंधनाचा पाइप धरून उभं असतं. तुझ्या नऊ वर्षांवर विसंबून त्यांना तिथे उभं करणार आहेत. वेळापत्रकावर वीस मार्चला शिक्का बसेल. म्हणून सरळ विचारते. तुला गडगडाट ऐकू येत होता का?

रागाव, दोन महिने बोलू नकोस, पण उत्तर दे. लोभ तोडू नकोस एवढंच मागते.

तुझी,
टिटवी

*

२४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे, त्यामुळे हे आलं म्हणजे घरात काहीतरी झालंय हे ओळखशीलच. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.

तुझं पत्र शनिवारी आलं. ताईने ते जिन्यातच उभं राहून वाचलं, वर गेली आणि दार लावून घेतलं. दोन दिवस ताट जसंच्या तसं खाली आलं. तिसऱ्या दिवशी जेवली, पण बोलली नाही. दुपारी गच्चीवर जाऊन विमानतळाकडे तोंड करून बसते. मी विचारलं तर हाताने जा म्हणते.

मला कळलं होतं, बाळ. बरीच वर्षं झाली. आमच्या आईचंही असंच झालं होतं. जाड आवाज ताईला पोचत नाही हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मी तिच्याशी आवाज बारीक करून बोलायला लागलो. आता ती सवयच पडली, तरी दर वेळी पोचतोच असं नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी मला एकदा बाजूला घेऊन, घशाला काही झालंय का म्हणून विचारलं. ताईने मात्र कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोघांनीही कानाडोळा केला आणि घर चालत राहिलं.

तिला ती खुर्ची कुणी दिली नव्हती, तिने ती घेतली होती. तिच्यामागून त्या वेधशाळेत तीन मुली लागल्या. तिचा फोटो तिथल्या भिंतीवर आहे, खाली पहिली महिला निरीक्षक असं लिहिलंय. हे बाहेर आलं तर तोच जुना विनोद लोक परत सांगतील, आणि या वेळी त्यांच्या हातात कागद असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्या त्या आकड्यांतून दुसरी काही वाट निघत नाही का? तू हुशार आहेस, काढशील.

तब्येतीला जप आणि म्हाताऱ्या माणसांवर दया असू दे.

बाबा

*

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आवाज बारीक करून बोलता हे वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. मला वाटायचं तुम्ही थकलात.

दुसरी वाट शोधली. परवा सकाळच्या विमानाने तिकडे जाऊन संध्याकाळी परत आले. घरी आले नाही, कारण आत्याला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. विमानं उभी राहतात तिथे इंधन भरणारे एक काका भेटले. बावीस वर्षं तोच पाइप हातात. त्यांनी सांगितलं की यंत्राचा इशारा येतो तेव्हा पाइप सोडवायला, झाकण लावायला आणि शेडपर्यंत पोचायला अकरा मिनिटं लागतात, पळत गेलं तरी. पंचवीस मिनिटांत विमान परत उडवायचं म्हटलं तर इशारा आला तरी कुणी थांबू देणार नाही. वर त्यांनीच मला विचारलं, की तीनला वादळ येत नाही हे कोणत्या शहाण्याने शोधून काढलं. माझ्याच तुलनेचा कागद घेऊन त्यांना पळवणार आहेत, हे त्यांना कसं सांगू?

काल बैठक झाली. घड्याळसाहेबांनी अहवाल पुढे सरकवला आणि सही करायला सांगितलं. मी नाही म्हटलं. गुरुवारचं दाखवलं, विजेचा रकाना दाखवला. त्यांचं म्हणणं, वीज लांबून दिसते, गडगडाट ऐकला नाही म्हणजे वादळ लांब होतं, आणि इतक्या काटेकोर निरीक्षकावर शंका घ्यायला माझ्याकडे कारण काय? कारण माझ्या जिभेच्या टोकावर होतं. सांगितलं नाही. ती माझी आत्या आहे हे शेजारच्या टेबलांना ठाऊक आहे, त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. मग त्यांनी मनगटाकडे बघून सुनावलं, की वीस तारखेपर्यंत सही झाली नाही तर हे काम दुसऱ्याला जाईल आणि मी हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसेन.

तर बाबा, मूठ अजून झाकलेली आहे. पण तुम्ही म्हणता तशी ती सव्वा लाखाची नाही, त्या मुठीत वीस माणसं आहेत. आत्याचं नाव मी घेणार नाही, हा शब्द देते. आणि सही करणार नाही, हाही देते. त्यांना हवं तर मला त्या खिडकीवर बसवू देत, लोकांच्या बॅगा शोधेन. आत्याला यातलं काही सांगू नका.

माझ्या हट्टाकडे बघू नका, मायेत कमी करू नका.

तुमची,
टिटवी

*

११ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझ्या बापाला गुपित ठेवता येत नाही. नऊ वर्षांत एकच ठेवलं आणि तेही आता फुटलं. त्याने तुझं पत्र माझ्या दाराखालून आत सरकवलं आणि जिन्यावर बसून राहिला. पावलं मला ऐकू येत नाहीत, पण फटीतून सावली दिसते. तासभर तिथेच होता. शेवटी मी दार उघडलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, ऐकू येत नव्हता. वादळ अगदी डोक्यावर आलं की तेवढाच यायचा, आणि तोच लिहायची.

पहिली पाच वर्षं मलाच पत्ता नव्हता. हा आजार महालबाड आहे. बारीक आवाज राहतात, जाड आधी जातात. चिमण्या ऐकू यायच्या, फोनची घंटा यायची, बायकांचं बोलणं यायचं. साहेबांचं बोलणं येईनासं झालं, तेव्हा मला वाटलं आपलं नशीब उघडलं. दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. नर्सबाई मागे उभी राहून हळूच आकडे म्हणायची आणि मी धडाधड सांगायची. बाईचा आवाज, न यायला काय झालं? नऊच्या नऊ वर्षं पास.

मग एका बुधवारी मी खिडकीच्या काचेवर तळहात टेकवून उभी होते. टेकडीपलीकडे वीज पडली आणि हाताखाली काच थरथरली. बदलीवाला कागद न्यायला आला होता, त्याने दचकून वर बघितलं. मला काहीच आलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, कानातलं एक बारीकसं हाड ताठ झालंय. माझ्या निवृत्तीला चार वर्षं होती. सांगितलं असतं तर खुर्ची त्याच दिवशी गेली असती आणि टेबलाखालचा विनोद परत वर आला असता. तो मला सोसला नसता. म्हणून गप्प बसले. पाच वर्षांची चूक आहे, चार वर्षांची लबाडी आहे. दोन्ही वेगवेगळ्या मोज, एकात एक मिसळू नकोस. खाली माणसं उभी असतात हे मी रोज खिडकीतून बघत होते, तरी बसले. ते मला आता झोपताना आठवतं.

पण एक गोष्ट मी कुणाला म्हणू देणार नाही. वीज दिसली की अंदाजाने गडगडाट लिहिता आला असता. कुणाच्या बापाला कळलं नसतं आणि तुझी ही गुरुवारची भानगडही निघाली नसती. मी तसं केलं नाही. ऐकलं नाही ते लिहिलं नाही, आणि डोळ्यांना दिसलं त्यातलं एक सोडलं नाही. म्हणून तर तू मला पकडलंस.

तुझ्या शब्दाबद्दल. माझं नाव घेणार नाहीस म्हणे! मूठ माझी आहे, कधी उघडायची ते मी ठरवीन. तुझ्या साहेबांना आज रजिस्टर्ड पोस्टाने पत्र धाडलंय, त्याची नक्कल खाली देते. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. तू निदान एक वेळापत्रक आटव.

लोभ आहेच, तो रागासकट घे.

आत्या

नक्कल:

मा. प्रमुख, नियोजन विभाग, यांस,
स. न. वि. वि.

माझ्या रजिस्टरावर विसंबून आपण डोंगरातल्या विमानतळावर तीनची विमाने ठेवत आहात असे समजले. सत्तावीस वर्षांत माझ्यावर कुणी एवढा विश्वास टाकला नव्हता, आभारी आहे. परंतु शेवटची नऊ वर्षे मला डोक्यावर आल्याखेरीज गडगडाट ऐकू येत नव्हता. डॉक्टरांचा कागद सोबत आहे, त्यावरील तारीख पाहावी. तिच्या आधीच्या पाच वर्षांसाठी माझा शब्द आणि गुरुवार एवढाच पुरावा आहे. वादळे आखूड झालेली नाहीत. निरीक्षक बहिरी झाली होती.

त्या नऊ वर्षांचा गडगडाटाचा रकाना बाजूला ठेवून विजेचा घ्यावा. तो पूर्ण आहे. पाने फाडू नयेत. प्रत्येक पानावर निरीक्षकास ऐकू येत नव्हते असा शेरा मारावा आणि खाली सही करायला मला बोलवावे. तीनशे बारा सह्या करण्याइतका माझा हात अजून धड आहे.

एवढे कळल्यावरही तीनची विमाने ठेवायची असतील, तर पहिल्या दिवशी तीन वाजता आपण स्वतः विमानाशेजारी उघड्यावर उभे राहावे. मीही येते. मला ऐकू येणार नाही, आपल्याला येईल.

आपल्याकडे ही तुलना करणारी मुलगी माझी भाची आहे. तिने माझे नाव आपल्यापासून लपवले हे मला आवडलेले नाही, पण त्याबद्दल तिला बोलायचा हक्क माझा आहे, आपला नाही.

राग आला तर येऊ द्यावा. विमाने मात्र हलवावीत.

*

२५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घड्याळसाहेबांनी उभ्यानेच वाचलं, मग बसून परत वाचलं. त्या वेळात एकदाही मनगटाकडे बघितलं नाही. मला बोलावून विजेच्या रकान्यावरून सगळी तुलना नव्याने मांडायला लावली. माझ्याकडे ती आधीच तयार होती, हे मी त्यांना सांगितलं नाही, जेवणाच्या सुट्टीनंतर नेऊन दिली.

वीस तारखेच्या बैठकीत नवा तक्ता लावला. तुझी वादळं परत तीनवर आली. शेवटच्या रांगेतून एका व्यवस्थापकाने हसत शेरा मारलाच, की असल्या जागी बायका बसवल्या की असंच होणार. मी उठले. बाकीच्या दोन विमानतळांची रजिस्टरं त्याच्यापुढे नेऊन ठेवली आणि विचारलं, की तिथे धडधाकट कानांच्या पुरुषांनी निम्म्या दिवशी विजेचा रकाना कोरा सोडलाय, त्याचं काय करायचं? तिथे उद्या कुणाचा कान गेला तर आपल्याला कळणार कशावरून? आवाज तू म्हणतेस तसा अख्खी गल्ली उठेल असा निघाला. कुणी हसलं नाही.

दोन विमानं सकाळी अकराला गेली, तिसरं रद्द झालं. घड्याळसाहेबांनी चुकलो वगैरे काही म्हटलं नाही. अहवालावरून माझं नाव काढलं आणि एप्रिलपासून मला खरंच सामानाच्या खिडकीवर बसवायचं ठरवलंय, वरिष्ठांपुढे खोळंबा केला म्हणून. सहा महिन्यांसाठी असं म्हणतात. बसते. बघू कोण आधी कंटाळतं.

एक वाईट बातमी आहे आणि ती तुला माझ्याकडूनच कळायला हवी. वेधशाळेने तुझा फोटो भिंतीवरून उतरवला. तीनशे बारा सह्यांसाठी मात्र सात एप्रिलला बोलावलंय. मी सुट्टी काढून येते, आपण दोघी मिळून जाऊ. आणि मी माझे कान तपासून घेतले, मुद्दाम जाड आवाजाच्या डॉक्टरकडून. सध्या तरी ठीक आहेत.

तुझ्या रागासकटच्या लोभाची सवय झाली आहे, तो बदलू नकोस.

तुझी,
टिटवी

*

२० एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

सह्या करून हात अजून दुखतोय. तीनशेव्या पानावर तो कारकून मला म्हणायला लागला की उरलेल्यांवर शिक्का मारून घेतो. तू त्याच्याकडे जे बघितलंस ते मी बघितलं. घरी आल्यावर सांगायचं राहिलं, म्हणून इथे लिहिते. मला त्या वेळी तुझा फार अभिमान वाटला.

फोटोचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यात माझं नाक नीट आलं नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, दोन दिवस वाटलं. मग मनाशी म्हटलं, फोटो त्यांचा होता, उतरवला. सत्तावीस वर्षं माझी आहेत, ती उतरवून दाखवा.

तुझ्या बापाला सांगितलंय की आता स्वतःच्या आवाजात बोल. मला नाही कळलं तर मी परत विचारीन, त्यात लाज कसली? पहिल्या दिवशी त्याला स्वतःचाच आवाज सापडेना. मास्तरांना वाटलं घरी पाहुणे आलेत.

आज हंगामातलं पहिलं वादळ झालं. दुपारी अडीचपासून गच्चीच्या खोलीत बसले होते. तीनला धावपट्टीवर एक विमान नव्हतं, खाली पटांगणात एक माणूस नव्हता. मी डोळ्यांवर हात धरून दोनदा बघितलं. नवी वही आणलीय, रकाने स्वतः आखलेत. पहिलं पान तुला उतरवून पाठवते, तुझ्या तुलनेत कुठे बसतं ते बघ. त्या खिडकीवर बसून लोकांच्या बॅगा शोध, पण हे काम सोडू नकोस.

जीव लावतेस तसाच लावत राहा, आणि भांडायचं असेल तर लिहून भांड.

आत्या

२० एप्रिल. वीज दिसली, नैऋत्य, ३:०४. पुन्हा ३:०७, ३:१०.
गडगडाट: ऐकू आला नाही. काचेवर ठेवलेल्या तळहाताला लागला, ३:१२.
वादळ सुरू.
निरीक्षक: बहिरी. हजर.